विश्लेषण : दारातला जुना ट्रॅक्टर घरीच नवा करता येतो का? रंगाचा डबा उघडण्याआधी काय पाहावे?

गंजलेला ट्रॅक्टर, त्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग चकचकीत लाल रंग आणि शेवटी एका चावीत सुरू होणारे इंजिन. मोबाइलवर असा व्हिडीओ मिनिटभरात संपतो. यातले बहुतेक व्हिडीओ अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. तिथे गॅरेज दोन गाड्या मावतील एवढे असते आणि शेजाऱ्याचे घर बरेच लांब. तुळिंजमध्ये शेजारी भिंतीच्या पलीकडे असतो. नालासोपारा पूर्वेच्या या भागात आता चाळी, इमारती आणि गाळे दाटले आहेत. पण वसई तालुक्यात शेती आणि वाड्या अजून आहेत, त्यामुळे एखाद्या घरामागे ताडपत्रीखाली जुना ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर उभा असला तर त्यात नवल नाही. भंगारवाला वजनावर भाव सांगतो, घरातले म्हणतात, आजोबांचा आहे, राहू द्या. असे यंत्र घरच्या घरी पुन्हा उभे करता येते का, त्यातले कोणते काम आपण करायचे, कोणते अजिबात करायचे नाही आणि कागदपत्रांचे काय, ते पाहू.

‘गार्डन ट्रॅक्टर’ आणि आपला ट्रॅक्टर यांचा संबंध काय?

व्हिडीओत दिसणारे छोटे ट्रॅक्टर बहुधा ‘गार्डन ट्रॅक्टर’ असतात. घरापुढचे गवत कापणे, बर्फ ढकलणे, परसबाग नांगरणे एवढ्यासाठी बनवलेले. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ हा अवघ्या ७ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला. जॉन डिअरचा ‘११०’ १९६३ मध्ये आला. ही यंत्रे साधी आणि हलकी आहेत. म्हणूनच ती छंद म्हणून सोडवायला आणि रंगवायला लोकप्रिय आहेत.

त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचा एक मोठा भाऊ आपल्या लोकल मार्गावर जन्मला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि कांदिवलीच्या कारखान्यात ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. मूळ रचना इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याची, सुमारे ३५ अश्वशक्ती, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, रंग लाल. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. कांदिवली ते नालासोपारा हे अंतर धीम्या लोकलने सात स्थानकांचे. परदेशातला छंदिष्ट ‘कब कॅडेट’साठी जो जीव टाकतो, तो आपल्याकडे टाकायचा असेल तर बी-२७५ हे योग्य पात्र आहे.

इथे एक सापळा आहे. महिंद्रने २७५ हा आकडा पुढेही चालू ठेवला. मात्र नंतरचा ‘२७५ डीआय’ तीन सिलिंडरचा आहे. नाव ऐकून दुकानदाराने काढून दिलेले गॅस्केट किंवा पिस्टन जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाला बसणार नाही. सुटा भाग घ्यायला जाताना जुना भाग सोबत न्यावा, किमान इंजिन नंबरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो तरी.

मग सुरुवात कशाने करायची?

फोनच्या कॅमेऱ्याने. हा सल्ला किरकोळ वाटतो, पण सुटे केलेले यंत्र परत जोडताना घोळ होतो तो इथेच. प्रत्येक नट, वायर आणि पाइप काढण्याआधी फोटो घ्यावा, काढलेले बोल्ट झिपच्या पिशवीत घालून त्यावर नाव लिहावे. मूळ रंगाचा नमुनाही याच वेळी शोधावा. बोनेटच्या वरचा लाल रंग ऊन खाऊन गुलाबी झालेला असतो. डिझेल टाकीच्या खाली, मीटरच्या मागे किंवा स्टिकरखाली ऊन न लागलेला तुकडा सापडतो. तो भाग घेऊन रंगाच्या दुकानात गेले की संगणकावर शेड जुळवून देतात.

दुसरी पायरी इंजिनाची. रंग आधी चढवून इंजिन नंतर उघडणाऱ्यांना तो रंग पुन्हा काढावा लागतो, कारण डिझेल सांडते, पाना घसरतो, ग्रीस पसरते. आधी यंत्र चालले पाहिजे, निदान इंजिन मोकळे फिरले पाहिजे. रंगाचे पैसे त्यानंतर.

वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन बहुधा जाम असते. बॅटरी लावून सेल्फ मारणे किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून पाहणे हा मोह टाळावा. अडकलेल्या पिस्टनवर असा जोर आला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतावे, चार-पाच दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून, दोन्ही दिशांना हलके हलवून पाहावे. अंशभर हलले तरी काम झाले म्हणायचे. पूर्ण फिरू लागल्यावर नोझल बसवण्याआधी तेल बाहेर पडू द्यावे.

तुळिंज रोड आणि आसपासचा सखल भाग पावसाळ्यात पाण्याखाली जातो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. यंत्र अशा पाण्यात उभे राहिले असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधी दिसले तर आत पाणी गेले आहे. त्या ऑइलवर इंजिन फिरवणे म्हणजे बेअरिंग स्वतःच्या हाताने घासणे. सगळे ऑइल काढून, साध्या ऑइलने धुऊन मगच पुढे जावे.

डिझेल पंप आणि नोझल घरी उघडू नयेत. त्यातले भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या फटींवर चालतात आणि त्यांची जुळणी टेस्ट बेंचवर होते. पंप-नोझलचे काम करणाऱ्या कारागिराकडे ते द्यावेत. टाकी धुणे, फिल्टर बदलणे, पाइपातली हवा काढणे ही कामे मात्र कुणालाही शिकता येतात.

गंज काढायचा कसा?

छोट्या लोखंडी भागांसाठी एक स्वस्त आणि पाहायला गमतीचा उपाय आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला, धन वायर साध्या लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. काही तासांत गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशने निघतो. शाळेत शिकलेल्या विद्युत अपघटनाचाच हा प्रयोग.

तीन अटी मात्र पाळाव्यात. टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा नको, कारण त्यातून पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरू शकतात. पाण्यातून निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्यामुळे हे काम बंद खोलीत किंवा देवघराच्या दिव्याशेजारी नाही, उघड्यावर करायचे. वायर काढायची असेल तर आधी चार्जर बंद करायचा, नाहीतर ठिणगीने तो वायू पेट घेतो. ॲल्युमिनियमचे भाग या टबात घालू नयेत, स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्टही नकोत.

बाहेर काढलेला भाग धुऊन, पुसून, उन्हात किंवा ब्लोअरने वाळवून लगेच प्रायमर मारावा. उघडे लोखंड आपल्या हवेत रात्रभरात पुन्हा तांबूस होते. आपण समुद्रापासून लांब नाही. पत्र्यावर बसलेले मीठ रंगाखाली राहिले तर सहा महिन्यांत फोड दिसू लागतात. म्हणून प्रायमरआधी गोड्या पाण्याने धुणे ही पायरी चुकवू नये.

बोनेट, मडगार्ड असे मोठे पत्रे घासत बसण्यात अर्थ नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे हा गाळ्यांचा पट्टा हाकेच्या अंतरावर आहे. लेथ, फॅब्रिकेशन, पावडर कोटिंग अशी कामे तिथे होतात. परदेशातल्या हौशी माणसाला यासाठी मैलोन्‌मैल गाडी हाकावी लागते, आपल्याला टेम्पो पुरतो. फक्त ब्लास्टिंगला देताना पत्रा पातळ आहे हे सांगावे, जोर जास्त झाला तर तो लाटांसारखा वाकतो. पावडर कोटिंग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे लांबी भरलेला, रबर किंवा बेअरिंग असलेला भाग तिथे चालत नाही.

जुना रंग खरवडण्यात धोका कसला?

व्हिडीओ नेमके याच ठिकाणी गप्प बसतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगांत शिसे सर्रास असे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ चे, ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. तेही घरगुती रंगांपुरते. जुन्या ट्रॅक्टरवरचा लाल किंवा नारिंगी थर, त्याखालचा प्रायमर यात शिसे किंवा क्रोमेट आहे असे गृहीत धरूनच काम करावे.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून तो थर उडवला की धूळ गल्लीत जाते. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिंपाच्या झाकणावर, ओट्यावर रांगणाऱ्या मुलाच्या हातावर बसते. हातावरचे शिसे तोंडात जाते. शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. ट्रॅक्टर रंगवणाऱ्याने स्वतः मास्क लावला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण मास्क त्याच्या तोंडावर आहे, शेजारच्या मुलाच्या नाही.

उपाय अवघड नाही. कोरडे घासायचे नाही. वॉटर पेपर आणि पाणी वापरायचे किंवा रंग सोडवणारे जेल लावून पट्टीने काढायचे. खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचे, चिखल पिशवीत बांधायचा, गटारात ओतायचा नाही. काम झाल्यावर ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. जुनी क्लच प्लेट आणि ब्रेकचे लायनर यांतही त्या काळी ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय मेकॅनिकला असते. आपल्या दारात त्याला तसे करू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसायला सांगावे.

स्प्रे मारायचा की ब्रश?

रंगाच्या दुकानात दोन पर्याय समोर येतील. एक साधा सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण ऑइलपेंट म्हणतो. दुसरा ‘टू-के पीयू’ म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन, जो मोटारींवर असतो. दुसऱ्याची चमक जास्त, टिकाऊपणा जास्त, पेट्रोल-डिझेलने तो उतरत नाही. दुकानदार तोच सुचवेल आणि रंग म्हणून त्याचे चूक नाही.

प्रश्न हार्डनरचा आहे. त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रे केल्यावर त्यांचा सूक्ष्म तुषार हवेत तरंगतो आणि श्वासातून गेल्यास दमा होऊ शकतो. स्प्रे पेंटिंग करणाऱ्या कामगारांमधल्या व्यावसायिक दम्याचे हे ठळक कारण आहे. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. वास येत नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे असेही नाही, कारण धोक्याची पातळी ओलांडल्यानंतरच वास जाणवतो. कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांचा इथे काहीच उपयोग नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा ओढून गाळणारे बूथ, ही त्यासाठीची व्यवस्था. चाळीच्या पॅसेजमध्ये, इमारतीच्या पार्किंगमध्ये, पत्रे लावलेल्या गाळ्यात ती नसते.

त्यामुळे आमचे मत स्पष्ट आहे. टू-के हवाच असेल तर पत्रे सोडवून बूथ असलेल्या ठिकाणी द्यावेत. घरी करायचे असेल तर इनॅमल, तोही ब्रशने किंवा छोट्या फोमच्या रोलरने. पातळ दोन-तीन थर, मध्ये बारीक वॉटर पेपरचा हात. बी-२७५ कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंगही आजच्या मोटारींसारखा आरशासारखा नव्हता, शेतीच्या यंत्राला साजेसा साधा होता. आज जुने ट्रॅक्टर काचेसारखे चमकवले जातात ते व्हिडीओसाठी. ब्रशच्या रेषा जवळून पाहिल्या तरच दिसतात.

इनॅमलचा थिनरही पेट घेतो, त्यामुळे गॅसच्या शेगडीपासून लांब आणि मोकळ्या हवेत, हे इथेही लागू आहेच. रेडिएटरच्या जाळीवर रंग मारू नये, उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. सायलेन्सरला उष्णतारोधक रंग वेगळा घ्यावा. ग्रीस निपल, ब्रीदर आणि नंबरच्या पट्ट्या टेपने झाकाव्यात.

रंगासाठी योग्य दिवस कोणता?

इथे फोनमधले हवामानाचे ॲप कामाला येते. त्यात तापमान आणि आर्द्रतेसोबत ‘ड्यू पॉइंट’ म्हणजे दवबिंदू दिलेला असतो. रंगकामाचा ठोकताळा असा की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. म्हणजे पाऊस थांबलेला असला, पत्रा कोरडा दिसत असला, तरी त्यावर न दिसणारा ओलावा बसण्याच्या बेतात असतो. त्यावर मारलेला रंग पांढुरका पडतो किंवा पापुद्र्याने निघतो. हेच २८ अंश जानेवारीत ५० टक्के आर्द्रतेला असतील तर दवबिंदू १७ अंशांच्या आत असतो आणि काम निर्धास्त होते.

त्यातही सकाळी लवकर नको, कारण थंडीत पत्र्यावर दव असते. अकरा ते चार ही वेळ बरी, पण थेट उन्हात तापलेल्या पत्र्यावर नाही. लांबी भरली असेल तर पावसाळ्याआधी त्यावर प्रायमर आणि रंग चढलाच पाहिजे. उघडी लांबी पाणी शोषते आणि खालून गंज सुरू होतो.

‘व्हिंटेज’ नंबर मिळेल का?

नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षे आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण हे नियम दुचाकी आणि खासगी प्रवासी चारचाकी यांच्यासाठी आहेत. ट्रॅक्टर त्या वर्गात बसत नाही. जुनी जीप किंवा फियाट ‘वारसा’ ठरू शकते, कांदिवलीचा पहिल्या फळीतला ट्रॅक्टर ठरत नाही. शेतीप्रधान म्हणवणाऱ्या देशात ही उणीव डोळ्यांत भरते.

म्हणजे ट्रॅक्टरचे कागद नेहमीच्याच वाटेने जातात. आरसीची मुदत संपली असेल तर तपासणी आणि नूतनीकरण आरटीओकडे, वसई भागासाठी ‘एमएच-४८’. यंत्र आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावे हस्तांतर आधी. तोवर रस्त्यावर चालवू नये, गाळ्यात न्यायचे तर टेम्पोवर चढवून न्यावे. चेसिस नंबरची जागा ग्राइंडरने घासू नये आणि त्यावर लांबी भरू नये. नंबर वाचता आला नाही तर तपासणीत यंत्र चोरीचे नाही हे सिद्ध करायची वेळ आपल्यावर येते. लालचा निळा करायची हौस असेल तर रंग हीदेखील आरसीतली नोंद आहे, हे लक्षात असू द्यावे.

एवढी जागाच नसेल तर?

बी-२७५ चे वजन दीड टनाच्या आसपास. तो मधून सोडवायचा तर मजबूत स्टँड, चेन ब्लॉक आणि पक्की जमीन हवी. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरखाली शिरू नये. तुळिंजसारख्या ठिकाणी त्यापेक्षा पॉवर टिलर सोयीचा. हा आपल्याकडचा खरा गार्डन ट्रॅक्टर म्हणता येईल. मित्सुबिशीच्या तंत्रावर बंगळूरुच्या व्हीएसटीने आणि कुबोटाच्या तंत्रावर केरळ सरकारच्या कॅम्कोने टिलर बनवले. एक सिलिंडर, वजन साधारण चार-पाचशे किलो, चार माणसांनी ढकलता येईल असा. गिअर, बेल्ट, क्लच सगळे डोळ्यांसमोर असते, त्यामुळे शिकायलाही चांगला.

टिलर असो की ट्रॅक्टर, पहिल्यांदा सुरू करताना तो उघड्यावर न्यावा आणि एअर क्लीनरच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवावी. जुने डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचेच ऑइल पेटवून भरधाव सुटते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणे एवढा एकच उपाय उरतो. फळीच लावायची, हाताचा तळवा किंवा फडके नाही. सुरू झाल्यावर आधी ऑइल प्रेशरचा काटा पाहायचा. दहा-पंधरा सेकंदांत तो उठला नाही तर लगेच बंद. उठला तर पाणी गरम होईपर्यंत चालू द्यायचे, सगळ्या जोडांवर गळती पाहायची आणि हे पहिले ऑइल थोडे तास चालवूनच बदलून टाकायचे, कारण आतली सगळी घाण त्यात उतरलेली असते.